आपत्काली ‘आपले’ कोण?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अकबर-बिरबलाच्या कथांतील माकडिणीची कथा लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. रिकाम्या हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडले जाते व हौदात पाणी भरू लागते. पाणी वाढेल तशी ती माता पिल्लाला कडेवर घेते, खांद्यावर घेते, शेवटी डोक्यावर घेते. परंतु पाणी तिच्या स्वतःच्या नाकातोंडाशी येताच ती पिल्लाला पायाखाली घालते आणि त्याच्यावर उभी राहते. या कथेचे तात्पर्य मराठी मनात खोल रुजलेले आहे. ‘शेवटी ज्याला त्याला आपलाच जीव प्यारा’ असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तो हौद असतो.

हे तात्पर्य खरे आहे काय? प्राणावर बेतल्यावर माणसाचे सारे संस्कार गळून पडतात आणि आत दडलेला स्वार्थ तेवढा शिल्लक राहतो, असे खरोखरच घडते काय? या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्यापेक्षा घडलेल्या घटनांकडे वळणे योग्य ठरेल. इतिहासात अशी एक विलक्षण जोडघटना नोंदलेली आहे. एकाच निर्जन बेटावर, एकाच काळात, दोन वेगवेगळ्या जहाजांची माणसे अडकली. दोन्ही गटांना परस्परांचा पत्ता नव्हता. दोहोंचा शेवट मात्र अगदी भिन्न झाला.

एक बेट, दोन जहाजे

न्यूझीलंडच्या दक्षिणेस सुमारे ४६५ किलोमीटरवर ऑकलंड बेटे आहेत. तेथे वर्षभर थंडी, सोसाट्याचा वारा आणि पाऊस यांचे राज्य असते. वाकडीतिकडी वाढलेली झाडी, दलदल आणि उभे कडे असे तेथील भूदृश्य. वस्ती करण्याचा एक प्रयत्न तेथे १८४९ मध्ये झाला होता. पण तीन वर्षांच्या आतच ती वसाहत सोडून द्यावी लागली.

३ जानेवारी १८६४ च्या रात्री ‘ग्राफ्टन’ नावाचे लहान शिडाचे जहाज या बेटाच्या दक्षिण भागातील कार्नले बंदरात वादळाने खडकावर आदळून फुटले. जहाजावर पाच माणसे होती. कप्तान टॉमस मसग्रेव्ह, फ्रान्सचा फ्रान्स्वा रेनाल, नॉर्वेचा अॅलिक, इंग्लंडचा जॉर्ज आणि पोर्तुगीज स्वयंपाकी हॅरी. देश वेगळे, भाषा वेगळ्या, शिक्षणही वेगळे. त्यांतील रेनाल त्या वेळी इतका आजारी होता की स्वतःच्या पायांवर उभे राहणेही त्याला कठीण झाले होते. उसळत्या लाटांतून किनाऱ्यापर्यंत दोर बांधला गेला आणि त्या दोराच्या आधाराने सोबत्यांनी या आजारी माणसासही किनाऱ्यावर नेले.

संकटातील ही त्यांची पहिली निवड होती. जो काहीच काम करू शकत नाही, उलट ज्याची शुश्रूषाच करावी लागणार, त्याला मागे ठेवण्याचा विचार कोणी केला नाही. पुढे घडले ते असे की, बरा झाल्यावर हाच रेनाल त्या पाचांचा मोठा आधार ठरला. शिंपले भाजून त्याने चुना केला व त्यात दगड बसवून घराला धुराडे बांधले. राख आणि चरबी यांपासून साबण केला. कातड्यांचा भाता करून लोहारकामाची भट्टी पेटवली आणि जहाजाच्या मोडक्या लोखंडातून खिळे घडवले. अर्थात, त्याला वाचवणाऱ्यांना त्या रात्री यातील काहीच ठाऊक नव्हते. उपयोगाचा हिशेब करून त्यांनी त्याला उचलले नव्हते.

बेटावर धान्य नव्हते. सील, शिंपले आणि एका रानटी वनस्पतीचे कंद यांवरच त्यांना जगावे लागले. हा आहार येथील श्रोत्यांच्या संस्कारांना रुचणारा नाही. पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. आजचा विषय त्यांनी काय खाल्ले हा नसून, जे मिळाले ते त्यांनी कसे वाटून घेतले हा आहे.

कुटुंबप्रमुखाची निवडणूक

काही काळ लोटल्यावर या पाचांमध्ये कुरबुरी होऊ लागल्या. कप्तान आता कप्तान उरला नव्हता, कारण जहाजच उरले नव्हते. कोणी कोणाची आज्ञा का मानावी? येथे रेनालने एक सूचना मांडली. मालक किंवा अधिकारी नको. आपल्यातून एक कुटुंबप्रमुख निवडावा. त्याने मायेने पण ठामपणे शिस्त राखावी, भांडणाची कारणे वेळीच दूर करावीत, आणि त्याने अधिकाराचा गैरवापर केल्यास बहुमताने त्याला पदावरून दूर करता यावे. मसग्रेव्हची एकमताने निवड झाली. हे नियम मसग्रेव्हजवळच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहून काढण्यात आले आणि दर रविवारी ते मोठ्याने वाचले जाऊ लागले. प्रमुख वगळता इतर चौघांनी आठवडा-आठवडा पाळीने स्वयंपाक करावयाचा, असेही ठरले.

या योजनेत ‘कुटुंब’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. रक्ताचे नाते नसलेल्या पाच जणांनी विचारपूर्वक, लेखी नियम करून, एकमेकांना ‘आपले’ ठरवले. जिव्हाळा आपोआप उत्पन्न होईल, अशी वाट पाहत ते बसले नाहीत. भांडणे होणारच हे गृहीत धरून त्यांनी ती मिटवण्याची सोय आधी करून ठेवली.

संध्याकाळी त्या घरात शाळा भरे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांना इतरांनी अक्षरे शिकवली. एकाने दुसऱ्याला आपली भाषा शिकवावी, दुसऱ्याने गणित शिकवावे, असा क्रम सुरू झाला. आज जो शिष्य, तोच उद्या गुरू. कप्तान आणि स्वयंपाकी यांच्यातील उच्चनीचता त्या शाळेत बरीचशी विरघळली.

आणखी दोन लहान प्रसंग उद्‌बोधक आहेत. करमणुकीसाठी रेनालने पत्त्यांचा जोड तयार केला होता. परंतु हरल्यावर मसग्रेव्हला राग अनावर होतो व कटुता वाढते, हे दिसताच रेनालने ते पत्ते चुलीत टाकले. पुढे कंदांपासून मद्य तयार करण्याचा प्रयोग त्याने आरंभला होता. पण या निर्जन ठिकाणी त्या व्यसनाने काय अनर्थ ओढवेल याचा विचार मनात येताच तोही त्याने स्वतःहून सोडून दिला. उपासमारीच्या छायेत जगणाऱ्या माणसाने हाती आलेले सुख केवळ सहजीवन टिकावे म्हणून दूर सारावे, ही गोष्ट लहान नाही. संयमाची शिकवण आपल्या समाजाला नवी नाही. परंतु संयम ही केवळ वैयक्तिक साधना नसून चार माणसांना एकत्र ठेवणारी शक्ती आहे, याचा पडताळा त्या चुलीत जळालेल्या पत्त्यांनी दिला.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला

हे पाच जण दक्षिणेकडील घरात राहत असतानाच, मे १८६४ मध्ये त्याच बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर ‘इन्व्हरकॉल्ड’ नावाचे मोठे जहाज फुटले. मेलबर्नहून ते दक्षिण अमेरिकेकडे निघाले होते. त्यावरील २५ जणांपैकी सहा जण बुडाले व १९ जण किनाऱ्यास लागले. वर्षभराने, मे १८६५ मध्ये, ‘ज्युलियन’ नावाचे एक जहाज योगायोगाने तेथे आले, तेव्हा त्या १९ जणांपैकी तीनच जिवंत होते. कप्तान जॉर्ज डालगार्नो, त्याचा मेट अँड्र्यू स्मिथ आणि रॉबर्ट होल्डिंग हा एक तरुण खलाशी.

या गटाची कहाणी पांगापांगीची आहे. आरंभीचे काही मोलाचे दिवस कड्याच्या पायथ्याशी निष्क्रियतेत गेले. नंतर गट फुटला, पुन्हा फुटला. जो थकला तो मागे राहिला. जो मागे राहिला त्याच्याकडे परत जाण्याचे बळ किंवा इच्छा फार थोड्यांत उरली. कप्तानाने सर्वांना बांधून ठेवणारी कोणतीही व्यवस्था उभी केली नाही. जहाजावरील पदांची उतरंड तेवढी टिकून राहिली. त्या पदांमागचे कर्तव्य मात्र बुडाले. होल्डिंगने अन्न शोधले, आसरे उभारले, धडपड थांबवली नाही. अखेरचे तिघे वाचले त्यात त्याच्या श्रमांचा वाटा मोठा होता. तरी कप्तानाने सुटकेनंतर दिलेल्या वृत्तान्तात या सामान्य खलाशाच्या कामगिरीला फारसे स्थान मिळाले नाही. संकटात माणसे काय करतात याइतकेच, संकट सरल्यावर ती कोणाचे ऋण मान्य करतात हेही त्यांची ओळख पटवून देते.

न्यायनिवाड्याची घाई नको

या दोन चित्रांवरून ‘ग्राफ्टनचे पाच जण सज्जन व इन्व्हरकॉल्डचे एकोणीस जण दुर्जन’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. ग्राफ्टन उन्हाळ्यात, आडोशाच्या बंदरात फुटले. त्याचा सांगाडा किनाऱ्याजवळच राहिल्याने थोडे अन्न, शिडाचे कापड, बंदूक, काही अवजारे हाती लागली. इन्व्हरकॉल्डची माणसे हिवाळ्याच्या तोंडाशी, उभ्या कड्यांखाली, जवळजवळ रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर फेकली गेली. थोडी बिस्किटे व थोडे खारवलेले मांस एवढीच त्यांची शिदोरी, आणि खाणारी तोंडे एकोणीस. ज्याने तशी थंडी व भूक सोसलेली नाही, त्याने त्यांचा निवाडा करताना शब्द जपून वापरावेत.

शिवाय ग्राफ्टनच्या गटातही देवमाणसे नव्हती. याचा पुरावा त्यांच्याच कथेच्या शेवटी मिळतो. चार महिन्यांत जहाज परतले नाही तर शोधासाठी दुसरे जहाज पाठवू, असे सिडनीतील भागीदारांनी वचन दिले होते. ते जहाज कधीच आले नाही. दीड वर्ष वाट पाहिल्यावर त्यांनी आपली जेमतेम बारा फुटांची होडी सतरा फुटांपर्यंत वाढवली. तरीही पाच जण तीत मावत नव्हते. १९ जुलै १८६५ रोजी मसग्रेव्ह, रेनाल आणि अॅलिक निघाले; जॉर्ज व हॅरी मागे राहिले. पाच दिवस खवळलेल्या समुद्राशी झुंजून तिघे न्यूझीलंडच्या स्ट्युअर्ट बेटावर पोहोचले.

मागे राहिलेल्या दोघांचे काय झाले? मसग्रेव्ह त्यांना नेण्यासाठी परतला तेव्हा, दीड वर्ष गुण्यागोविंदाने नांदलेले ते दोघे एकमेकांशी न पटल्याने वेगवेगळे राहण्याच्या बेतात होते! माणसे तीच, बेट तेच, घरही तेच. पण कुटुंबप्रमुख नव्हता, शाळा नव्हती, भांडण मिटवणारा तिसरा नव्हता. काही आठवड्यांतच ‘आपण’ या शब्दाचे दोन तुकडे होऊ लागले.

या एका तपशिलात साऱ्या घटनेचे मर्म आहे. संकट माणसाच्या आतला कायमचा चांगला किंवा वाईट स्वभाव उघडा पाडते, ही समजूत अपुरी आहे. संकट मुख्यतः एकच गोष्ट दाखवते: माणूस कोणाकोणाला ‘आपले’ मानतो आणि ते आपलेपण टिकवण्यासाठी त्याने कोणती व्यवस्था केलेली आहे. ही व्यवस्था असेल तर सामान्य माणसेही मोठी होतात. ती ढासळली तर चांगली माणसेही दुरावतात. बिरबलाच्या कथेतील माकडीण हौदात एकटी होती. तिचे पिल्लू क्षणभर वर धरणारे दुसरे कोणी नव्हते आणि पाणी सोडणारेही काठावर उभे राहून गंमत पाहत होते. एकाकी जीवाच्या असहायतेवरून समाजाचा स्वभाव ठरवता येत नाही.

परत जाणारा माणूस

सुटकेनंतरच्या मसग्रेव्हच्या निवडीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण ती जिवाच्या भीतीने केलेली नव्हती. तो आता सुरक्षित होता. त्याची पत्नी व मुले सिडनीत जवळजवळ दोन वर्षे त्याची वाट पाहत होती. शरीर खंगले होते. तरी त्याने आधी घर गाठले नाही. सरकारी जहाज मिळेना, तेव्हा इन्व्हरकारगिल गावच्या लोकांनी वर्गणी जमवली आणि कॅप्टन क्रॉस यांच्या ‘फ्लाइंग स्कड’ या लहानशा जहाजातून मसग्रेव्ह पुन्हा त्याच भयंकर बेटाकडे निघाला. जॉर्ज व हॅरी सुखरूप परत आले. पाचांपैकी पाचही जगले.

त्या फेरीत बेटाच्या उत्तरेकडील पोर्ट रॉस येथे एका पडक्या घरात त्यांना एका अनोळखी माणसाचे प्रेत आढळले. एका पायाला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, शेजारी पाटी पडलेली होती. तीवरील अक्षरे वाचता येत नव्हती. तो इन्व्हरकॉल्डवरील, चालता न आल्याने मागे राहिलेला माणूस असावा, असे मानले जाते. त्याचे दफन करण्यात आले. बेटावर आणखी कोणी अडकलेले असेल या शंकेने त्याच वर्षी ‘व्हिक्टोरिया’ नावाचे जहाज शोधासाठी धाडण्यात आले, तेव्हा वाटाड्या म्हणून मसग्रेव्ह पुन्हा एकदा गेला. या वेळी तर तो ज्यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती अशांसाठी गेला होता. पाच जणांपुरते आखलेले ‘आपले’पणाचे वर्तुळ असे विस्तारत गेले.

अनोळखी माणसासाठी ठेवलेली शिदोरी

अशा दुर्घटनांनंतर न्यूझीलंड सरकारने या व अशाच इतर निर्जन बेटांवर कोठ्या उभारल्या. त्यांत अन्न, कपडे, काड्यापेट्या, अवजारे ठेवली जात. कोठी कोणत्या दिशेस आहे हे दाखवणारे खांब रोवले गेले. काही ठिकाणी होड्या ठेवल्या गेल्या. सरकारी जहाज ठरावीक काळाने फेरी मारून सामान तपासत असे. अनेक वर्षे या कोठ्यांकडे कोणी फिरकतही नसे. हा खर्च वायफळ आहे, असे एखाद्या हिशेबनीसाला वाटले असते तर नवल नव्हते.

१९०७ च्या मार्च महिन्यात ‘डंडोनाल्ड’ हे जहाज तेथील एका ओसाड उपबेटावर फुटले. वाचलेल्या खलाशांनी वाकड्या फांद्यांच्या सांगाड्यावर शिडाचे कापड ताणून होडी केली, मुख्य बेट गाठले आणि तेथील कोठी शोधून काढली. तेथील अन्न, वस्त्रे व होडी यांच्या बळावर त्यांनी उरलेल्या सोबत्यांनाही आणले. नोव्हेंबरमध्ये ‘हिनेमोआ’ हे सरकारी जहाज नेहमीच्या फेरीवर आले, तेव्हा १५ जण जिवंत होते. ज्यांनी ती शिदोरी तेथे ठेवली, त्यांना हे पंधरा जण कोण, कोठले, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकलगाड्या थांबल्या, रस्त्यांच्या नद्या झाल्या, शेकडो जीव गेले. त्या रात्री हजारो लोक छातीएवढ्या पाण्यातून चालत निघाले. जागोजागी माणसांनी हातात हात गुंफून साखळ्या केल्या, दोर धरले, अनोळखी माणसांना घरात घेऊन कोरडे कपडे दिले, चहा-पाणी व बिस्किटे वाटली. शाळा आणि प्रार्थनास्थळे उघडली गेली. दया अनेकांच्या मनात उपजते. पण मध्यरात्री शाळा उघडायची तर तिची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला तरी आधी ठाऊक असावे लागते. मोठी पातेली कोठे आहेत, शेजारच्या इमारतीत एकटी वृद्ध स्त्री कोणत्या मजल्यावर राहते, दोर कोणाच्या घरी मिळेल, ही माहिती पाणी चढू लागल्यावर गोळा करता येत नाही.

येथे सार्वजनिक संस्थांचे खरे प्रयोजन स्पष्ट होते. पन्नास वर्षांत बांधलेल्या वास्तू, जमलेला निधी, पार पडलेले समारंभ यांची नोंद अहवालात होतेच. त्याखेरीज आणखी एक संचय असतो व त्याचा ताळेबंद कोणी मांडत नाही. पंगतीत एकत्र वाढलेली माणसे, पाळीने केलेली कामे, सभेत मतभेद होऊनही पुढच्या सभेला आलेली मंडळी, पदावरून आनंदाने पायउतार झालेले कार्यकर्ते, हा तो संचय होय. बायबलच्या पानावरील नियम दर रविवारी वाचणाऱ्या त्या पाच जणांनी हाच संचय केला होता. नियमांचे ते वाचन दर आठवड्याला व्हावे लागे, हे विसरता कामा नये. एकदा लिहून ठेवलेले आपलेपण वाचणारे कोणी नसेल तर जॉर्ज आणि हॅरीसारखे दोन भलेही परस्परांना जड होऊ लागतात.

प्राणसंकट कोणावर केव्हा येईल, हे सांगता येत नाही. ते कोणावर न येवो. पण शांततेच्या दिवसांत काही प्रश्न प्रत्येक संस्थेने व प्रत्येक घराने स्वतःला विचारून ठेवणे अगत्याचे आहे. आपल्यात आज आजारी, अपंग, निरुपयोगी समजला जाणारा कोण आहे आणि दोर बांधण्याची वेळ आली तर त्याचा हात कोण धरणार? कोणत्या पत्त्यांच्या डावामुळे माणसे दुरावत आहेत व ते पत्ते चुलीत टाकण्याचे धैर्य कोणात आहे? ज्यांच्या श्रमांवर आपण तरलो, त्यांची नावे आपल्या वृत्तान्तात आहेत काय? आणि ज्याला आपण कधीच पाहणार नाही, अशा एखाद्या वाटसरूसाठी आपल्या कोठीत काय ठेवलेले आहे? या प्रश्नांची उत्तरे आज, कोरड्या जमिनीवर उभे असताना देता येतात. ती आजच द्यावीत, हीच या प्रसंगी सर्वांना नम्र विनंती.